कोळ्याची भूमिका कोण करणार?

अभिजात साहित्य वर्गात नुसते वाचून दाखवू नये, ते मुलांकडून करवून घ्यावे, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे. संवाद लिहा, प्रवेश सादर करा, पात्राला पत्र पाठवा असे उपक्रम पाठ्यपुस्तकांत आले. प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. या पद्धतीला माझा विरोध नाही. घोकंपट्टीच्या वर्गात आमच्या दोन पिढ्या गप्प बसल्या, हे मी विसरलेलो नाही. पण प्रवेश सादर करायचा म्हटले की भूमिकांचे वाटप आले. ते वाटप कोण करतो आणि कोणाच्या वाट्याला काय येते, याबद्दल आमचे शिक्षणतज्ज्ञ बोलत नाहीत.

मी शाळेत असताना ‘शाकुंतला’तले दोन प्रवेश बसवले होते. दुष्यंत, कण्व, शकुंतला ही नावे पहिल्या बाकांवरच संपली. सहाव्या अंकातला कोळी माझ्याकडे आला. “तुला जमेल,” एवढेच गुरुजी म्हणाले आणि वर्ग हसला. मी मार खाण्याचा अभिनय उत्तम केला, असे सर्वांचे मत पडले.

पुढे नाशिकला शिकवू लागलो तेव्हा तो प्रवेश पुन्हा वाचला. रोहित माशाच्या पोटात अंगठी सापडलेला हा माणूस, हात बांधून आणलेला. शिपाई त्याला चोर ठरवून मोकळे झालेले. अधिकारी त्याच्या धंद्याची टिंगल करतो. तेव्हा तो म्हणतो की, जन्माने आलेले काम निंद्य ठरले म्हणून सोडता येत नाही. यज्ञात पशू मारणारा श्रोत्रियही एरवी दयाळूच असतो! राजाकडून बक्षीस येताच अर्धे शिपायांना द्यावे लागते आणि मग सगळे दारूच्या दुकानाकडे मित्र म्हणून निघतात. राजा संस्कृत बोलतो, हा प्राकृत. विल्यम जोन्सच्या १७८९ सालच्या भाषांतरापासून जगाने शकुंतलेचे कौतुक केले. आमच्या रसवादी समीक्षेने मात्र हा प्रवेश ‘विनोदी’ म्हणून बाजूला ठेवला. कालिदासाने त्या माणसाच्या तोंडी उत्तर दिले आहे, हे मी मान्य करतो. त्याने त्याला वर्णव्यवस्थेच्या आतच उभे केले, हेही खरे. श्रोत्रियाला टोमणा मारणारा तो आपले जन्मजात काम मात्र मुकाट स्वीकारतो.

म्हणून मी भूमिका वाटत नाही. चिठ्ठ्या काढतो. शिवाय कोळ्याचे बोलणे प्रत्येकाने आपल्या घरच्या बोलीत म्हणायचे, मग ती अहिराणी असो की कोकणा. एकदा चिठ्ठीत कोळी आला तो अशा मुलाला, ज्याला आडनावावरून नक्की राजा मिळाला असता. हात पाठीमागे बांधून तो उभा राहिला. दोन शिपाई झालेल्या मुलांनी त्याला जरा जास्तच ढकलले. (तेही पाहण्यासारखे होते.) आमच्या वेळी जिथे वर्ग हसला होता, तिथे या वेळी कोणी हसले नाही.

पण खरी परीक्षा माझीच झाली. ‘थेरीगाथे’तली पुण्णा मी मोठ्या उत्साहाने घेतली. दासी म्हणून राबणारी, माराच्या भीतीने थंडीत पाणी भरणारी ही बाई नदीत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला विचारते की, स्नानाने पाप जात असेल तर बेडूक, कासव, मगर सगळेच स्वर्गात जातील ना? आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही नेईलच की! ज्या गोदेकाठी दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो आणि जिथे २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तिथे ही गाथा शिकवताना माझा आवाज चढला असणार. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे घर मासेमारीवर चालते.

“सर, पापी लोकांची यादी देताना ती चोरांबरोबर कोळ्यालाही बसवते. आम्ही काय चोरी केली?”

मी अहिंसेवर काहीतरी बोललो. बोलताना माझ्या लक्षात आले, की कालिदासाला मी प्रश्न विचारू देतो आणि पुण्णेची मात्र वकिली करतो. ती आपली, म्हणून! आपल्या ग्रंथाला सूट द्यायची ही सवय आपण कोणाकडून उचलली?

पुढच्या रविवारी मुलांना त्रिरश्मी लेण्यांवर नेले. तिथेही सगळे सोवळे नाही. बुद्धाच्या त्या डोंगरात, तिसऱ्या लेण्यात, गौतमी बलश्री आपल्या मुलाची, सातवाहन राजाची, थोरवी सांगताना त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवल्याचे कोरून ठेवते. पण थोडे पुढे गेले की मुगूदास नावाच्या माणसाचा छोटा लेख आहे. त्याला ‘दासक’ म्हटले आहे आणि अभ्यासकांनी त्याचा अर्थ कोळी असा लावला आहे. त्याने सपरिवार एक लेणे दान दिले. नाटकातला कोळी मार खातो, गाथेतला पापी ठरतो, हा दाता. तोच मुलगा त्या लेखापाशी बराच वेळ थांबला होता.

वर्गात परतल्यावर काम दिले : मुगूदासाने पुण्णेला काय उत्तर दिले असते? त्या मुलाने अर्धे पान लिहिले. “तू मालकाच्या धाकाने पाण्यात उतरलीस, मी पोरांच्या भुकेने. थंडी दोघांना सारखीच वाजली. मग मला त्यांच्यात का मोजतेस?”

पुण्णेने यावर काय म्हटले असते, ते त्याने लिहिले नव्हते. ते कोण लिहील, असे विचारले तेव्हा तीन मुलींनी हात वर केले.