इंटर्नशिप दोन महिन्यांची, हवा बारा महिन्यांची

फेब्रुवारी उजाडला की एम.एस्सी. आणि एमपीएचच्या विद्यार्थ्यांचे मेल सुरू होतात: "ताई, पर्यावरणीय आरोग्यात इंटर्नशिप कुठे करू?" कुठे करायची हे सांगणं सोपं आहे. नागपूरला नीरी आहे, अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे, शिवाय विद्यापीठांतले विभाग आहेत. माझी तक्रार कुठल्या संस्थेबद्दल नाही. ती मे-जूनमधल्या दोन महिन्यांच्या साच्याबद्दल आहे.

माझीच गोष्ट सांगते. एम.एस्सी.ला असताना एका संस्थेत गेले (नाव महत्त्वाचं नाही). पहिल्याच दिवशी पीएम २.५ चे आकडे भरलेली एक्सेल फाइल हातात आली. त्यात बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. मी त्या महिन्याच्या सरासरीने भरल्या, आलेख काढले, प्रेझेंटेशन दिलं, सर्टिफिकेट घेतलं. यंत्र कुठे बसवलंय हेसुद्धा पाहिलं नव्हतं.

पीएच.डी.त आल्यावर पहिल्यांदा फिल्टर हाताळला. तो ठरावीक तापमानात आणि आर्द्रतेत २४ तास ठेवायचा, मग वजन करायचं. हवा ओढून झाली की पुन्हा तेच. या दोन वजनांमधला मायक्रोग्रॅमचा फरक म्हणजे तुमचा आकडा! तेव्हा लक्षात आलं की रिकाम्या जागाही काहीतरी सांगत असतात. वीज गेली की यंत्र बंद पडतं, आणि नेमकं तेव्हाच आजूबाजूचे डिझेल जनरेटर सुरू होतात. म्हणजे मी सरासरीने बुजवलेले तास कदाचित सगळ्यात वाईट हवेचे असतील.

दुसरा मुद्दा ऋतूचा. उन्हाळ्यात जमीन तापते, हवा वरपर्यंत मिसळते, प्रदूषण पसरून विरळ होतं. हिवाळ्यात थंड हवा खाली साचते आणि धूर तिथेच अडकतो. मे-जूनचा इंटर्न "आकडे मर्यादेत आहेत" असं लिहून मोकळा होतो. पण कुठल्या मर्यादेत? आपलं २००९ चं राष्ट्रीय मानक पीएम २.५ साठी २४ तासांना ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ आहे. एकच आकडा एकीकडे पास, दुसरीकडे नापास. हा प्रश्न इंटर्नच्या रिपोर्टमध्ये क्वचितच दिसतो.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण: 'पर्यावरणीय आरोग्य' यातलं 'आरोग्य' गळून पडतं. लोकांचं रक्त तपासायचं, फुप्फुसांची क्षमता मोजायची, अगदी प्रश्नावली भरून घ्यायची तरी एथिक्स कमिटीची परवानगी लागते. ती लागायलाच हवी. पण त्या प्रक्रियेतच इंटर्नचे दोन महिने निघून जाऊ शकतात. मग गाइड डेटा एंट्री देतात. विद्यार्थी घरभाडं खिशातून भरून आठ आठवडे टायपिंग करतो आणि ज्या माणसांच्या श्वासाबद्दल हे सगळं चाललंय, त्यातलं एकही माणूस त्याला भेटत नाही.

मग इंटर्नशिप करूच नका का? करा. पण होकार देण्याआधी गाइडना तीन गोष्टी विचारा:

१. चालू प्रकल्पाला एथिक्सची परवानगी मिळाली आहे का, आणि माझं नाव त्यात आधीच जोडता येईल का?
२. मोजमाप होतं तिथे मला निदान आठवडाभर जाता येईल का?
३. हिवाळ्यातला डेटा तुलनेसाठी मिळेल का?

असं विचारलं तर गाइड रागावतील अशी भीती वाटते, मलाही वाटायची. पण ज्यांच्याकडे खरं काम आहे ते या प्रश्नांना टाळत नाहीत. आणि तिन्हीला "बघू" असं उत्तर आलं, तर आपल्याला नेमकं काय शिकायला मिळणार आहे ते घरभाडं भरण्याआधीच कळलं म्हणायचं.