‘यू-गी-ओ!’ : कथेतील खेळ आणि बाजारातील खेळ

काझुकी ताकाहाशी (१९६१–२०२२) यांची ‘यू-गी-ओ!’ ही चित्रकथा जपानमधील ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकातून १९९६ ते २००४ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचे ३८ खंड निघाले. या कथेभोवती किरकोळ वाटणाऱ्या माहितीचा मोठा साठा रसिकांनी जमविला आहे. तथापि त्यातील काही तपशील कथेच्या अंतर्गत घडणीवरच प्रकाश टाकतात.

शीर्षकाचा अर्थ ‘खेळांचा राजा’. पत्त्यांचा त्यात उल्लेख नाही. आरंभीच्या प्रकरणांतील नायक युगी प्राचीन इजिप्तमधील कोडे सोडवितो आणि त्याच्यातील दुसरे व्यक्तित्व दुर्जनांना जीवघेण्या खेळांत ओढते. पहिल्याच खेळात हातावर नोटांची चळत ठेवून तीत सुरी खुपसायची असते. लोभ आवरला नाही तर हात जातो. येथे खेळ ही नीतिपरीक्षा आहे. पत्त्यांचा खेळ नवव्या प्रकरणात अनेकांपैकी एक म्हणून अवतरतो. त्याचे मूळ नाव ‘मॅजिक अँड विझर्ड्स’. १९९३ च्या अमेरिकी ‘मॅजिक : द गॅदरिंग’ची छाया त्यावर उघड दिसते. वाचकांना तो इतका भावला की पुढे त्याने कथाच व्यापली.

पत्त्यांचा खेळ केंद्रस्थानी आल्यानंतरही नियम लवचीक होते. काजिकीविरुद्धच्या डावात युगी प्रतिस्पर्ध्यावर नव्हे, तर चंद्रावर हल्ला करवितो. भरती ओसरते आणि सागरी राक्षस उघडे पडतात. नियमांच्या दृष्टीने हे निव्वळ थोतांड. कथा म्हणून मात्र मालिकेतील सर्वांत आनंददायी प्रसंगांपैकी एक. १९९८ मध्ये बांदाईने आणि १९९९ मध्ये कोनामीने खरे पत्ते बाजारात आणले. त्यानंतरच्या ‘बॅटल सिटी’ पर्वात नियम काटेकोर झाले आणि असले चंद्रवेध दुर्मीळ झाले. डावाच्या आरंभीचे गुण कथेत आधी २०००, मग ४००० झाले. कोनामीच्या खेळात ते ८०००. कथेला लवकर निर्णय हवा असतो, खेळणाऱ्याला दीर्घ डाव!

याहून बोलका विरोध ‘नीलनेत्री श्वेत ड्रॅगन’ या पत्त्याचा. कथेत त्याच्या जगात केवळ चार प्रती आहेत. एका संचात तीनच चालतात म्हणून काइबा चौथी फाडून टाकतो; ती युगीच्या आजोबांना प्राणप्रिय असते. हा क्रौर्याचा क्षण दुर्मीळतेवर उभा आहे. प्रत्यक्षात तो पत्ता पुनःपुन्हा छापला गेला, आणि २०११ पर्यंत कोनामीच्या एकूण पत्त्यांची विक्री २,५०० कोटींवर गेल्याची गिनीज नोंद झाली. दुर्मीळतेची कथा विपुलतेची जाहिरात ठरली, हे समीक्षकांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

२००१ पासूनच्या अमेरिकी आवृत्तीने आणखी एक पाऊल उचलले. मूळ सचेतपटात हरणाऱ्याचे पाय कापू पाहणारी करवत तेथे ‘छायालोका’त धाडणारी ऊर्जाचक्रे झाली. मृत्यू गाळला गेला. आणि नोटांच्या चळतीत सुरी खुपसणाऱ्या त्या पहिल्या खेळाशी असलेले मालिकेचे नाते त्या प्रेक्षकांसाठी तुटले.