टिपण-संपादक साधनाचे माहितीपत्र आणि देवनागरीतील ‘तोच’ मजकूर

साधनाबरोबर येणारे माहितीपत्र आजवर माणसासाठी लिहिले जात असे. उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये जीन्स शिवणाऱ्या कारागिराला शिवणयंत्राचे पत्रक अपुरे मिळाले, तरी त्यातील उणीव तो हाताच्या सवयीने भरून काढतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटाजवळ असा हात नसतो. टिपणे उघडण्याचे व दुरुस्त करण्याचे साधन त्याला दिले की, त्या साधनाचे वर्णन कामाच्या प्रारंभी त्याच्यापुढे ठेवले जाते. त्या विशिष्ट साधनाविषयी त्याला जे कळते ते बहुतांशी एवढ्यावरूनच. तेव्हा हे वर्णन साधनाचे परिशिष्ट नसून साधनाचाच भाग होय, आणि त्याची समीक्षाही त्याच कठोरतेने व्हावयास हवी.

अँथ्रॉपिक कंपनीने आपल्या ‘क्लॉड’ या प्रतिमानासाठी प्रसिद्ध केलेले मजकूर-संपादक साधन या प्रकाराचा चांगला नमुना आहे. त्याच्या आज्ञा मोजक्याच: फाइल पाहणे, दिलेला मजकूर काढून तेथे दुसरा ठेवणे, अमुक ओळीनंतर मजकूर घालणे, नवी फाइल निर्माण करणे. बदलावयाचा मजकूर मोकळ्या जागांसकट तंतोतंत जुळला पाहिजे. तो एकाहून अधिक ठिकाणी आढळल्यास बदल न करता अधिक संदर्भ मागितला जावा, असे माहितीपत्र बजावते. या दक्षतेचे कौतुकच केले पाहिजे. केलेला बदल मागे घेण्याची आज्ञा पूर्वीच्या आवृत्तीत होती. २०२५ मध्ये क्लॉड ४ साठी आलेल्या आवृत्तीत ती उरली नाही. बदलापूर्वी मूळ प्रत राखून ठेवण्याची शिफारस आहे, पण ते काम साधन बसविणाऱ्यावर सोपविलेले आहे.

खरा प्रश्न ‘तंतोतंत’ या शब्दाचा आहे. इंग्रजीत लिहिलेल्या संगणकीय आज्ञावलीत त्याचा अर्थ बव्हंशी उघड असतो. देवनागरीत तो तसा नसतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरापासून घडविता येतो, तसाच साधा ‘र’, हलन्त चिन्ह आणि डोळ्यांना न दिसणारा एक जोडक यांपासूनही घडविता येतो. छापल्यावर दोन्ही रूपे एकसारखी दिसतात. यंत्राच्या लेखी ती भिन्न आहेत, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ती एक होत नाहीत. ‘ॲ’ या अक्षराची गोष्ट वेगळी नाही. त्याला २००८ मध्ये युनिकोडात स्वतंत्र स्थान मिळाले. त्याआधीच्या लेखनात ‘अ’वर चंद्र देऊन काम भागविले जाई, आणि ती सवय अद्याप गेलेली नाही. अंकांचेही असेच: देवनागरी पाच आणि रोमन पाच माणसाला एकच, यंत्राला दोन. ‘कॅम्प’ कोणी ‘कॅंप’ लिहितो, कोणी ‘कँप’. म्हणजे ‘कॅम्प ५’ एवढा पत्ताच एका टिपणवहीत कितीतरी रूपांनी येऊ शकतो, आणि त्यांपैकी एक रूप शोधणाऱ्या साधनास इतर सर्व अदृश्य राहतात.

उल्हासनगरात ही अडचण अधिक खोल जाते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसविण्यात आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे नामकरण झाले. सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जाते, तशी देवनागरीतही. तिच्या चार अंतःस्फोटक ध्वनींसाठी देवनागरीत ॻ, ॼ, ॾ, ॿ ही अक्षरे आहेत. युनिकोडात ती २००६ मध्ये आली. त्यापूर्वी, आणि पुष्कळदा त्यानंतरही, साध्या अक्षराखाली रेघ देऊन ती दाखविली गेली. एखाद्या अभ्यासकाने वृद्धांच्या आठवणींची टिपणे जमविली आहेत अशी कल्पना करावी. त्यांत ‘ॻोठु’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ गाव, तोही मागे राहिलेला गाव. शुद्धलेखन तपासण्यास बसविलेला एजंट ती अधोरेखा चूक समजून काढून टाकील, तर उरलेल्या ‘गोठु’ने मराठी वाचकाला गोठाच आठवेल.

शोध फसला, एवढेच घडले तर हानी नाही. हानी पुढच्या पायरीवर होते. मजकूर जुळत नाही असे पाहून एजंट पुष्कळदा सोपा मार्ग धरतो आणि संपूर्ण टिपण पुन्हा लिहून काढतो. अनेक साधनांत नवी फाइल निर्माण करण्याची आज्ञा जुन्या फाइलवरच लिहिते, आणि माहितीपत्र त्याविषयी मौन पाळते. मग मागितलेला एक शब्द बदलतो, आणि न मागितलेली पन्नास रूपे प्रतिमानाच्या सवयीच्या वळणावर जातात. साधने जोडण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये मार्च २०२५ पासून ‘नाशकारक’ क्रियेची खूण देता येते. तथापि ती खूण केवळ सूचक आहे, असे तो संकेतच सांगतो.

कॅम्प ५ पासून जवळच वालधुनीच्या काठी अंबरनाथचे शिवमंदिर आहे. तेथील शिलालेखातील शक भाऊ दाजी यांनी ७८२ असा वाचला, तर भगवानलाल इंद्रजी यांनी ९८२. एका अंकाने काळ इ. स. ८६० वरून १०६० वर आला. ही दुरुस्ती मान्य होऊ शकली, कारण आधीचे वाचन छापील स्वरूपात समोर होते आणि तपासण्यास मूळ लेखही होता. एजंटाने पुनर्लिखित केलेल्या टिपणाबाबत, जुनी प्रत राखली नसेल तर, यांपैकी काहीच हाती राहत नाही.

यास्तव टिपण-संपादकाच्या माहितीपत्राने निदान काही गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगाव्यात. जुळणी कोणत्या पातळीवर होते, प्रमाणीकरणापूर्वी की नंतर? मजकूर न जुळल्यास टिपण पुन्हा वाचून त्यातील अक्षरे जशीच्या तशी उचलावीत, स्मरणाने टंकू नयेत. पूर्ण पुनर्लेखन वापरकर्त्याच्या अनुमतीशिवाय करू नये. आणि उदाहरणे! प्रचलित माहितीपत्रांतील उदाहरणे बहुधा इंग्रजी आज्ञावलीची असतात. त्यांत रेघ दिलेल्या ‘ग’चे एक टिपण घातले, तर एजंटाला ‘तंतोतंत’चा अर्थ कित्येक परिच्छेदांहून लवकर कळेल.