सौम्य आवाजातली जात

तमिळ नट जी. मारीमुत्तू ८ सप्टेंबर २०२३ रोजी चेन्नईत हृदयविकाराने गेले. ‘एदिरनीच्चल’ या सन टीव्हीवरच्या मालिकेच्या डबिंगचे काम करत असतानाच त्यांना त्रास सुरू झाला होता. या मालिकेतला आदी गुणशेकरन तमिळनाडूत घरोघर पोचला. घरातल्या शिकलेल्या सुनांना चुलीशी बांधून ठेवणारा हा धाकदपटशाचा कर्ता पुरुष. प्रेक्षक त्याचा राग राग करत आणि त्याचीच वाट पाहत. त्याच्या दरडावण्याचे पुढे विनोद झाले.

थेनी जिल्ह्यातून आलेल्या या माणसाने अनेक वर्षे सहायक दिग्दर्शक म्हणून काढली. ‘कण्णुम कण्णुम’ (२००८) आणि ‘पुलिवाल’ (२०१४) हे दोन चित्रपट दिग्दर्शित केले. ‘युद्धम सेय’ (२०११) पासून ते नट म्हणून दिसू लागले. कीर्ती दिली ती मालिकेने. पण आपल्या दृष्टीने त्यांची महत्त्वाची भूमिका मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) मधली आहे.

तिरुनेलवेलीच्या लॉ कॉलेजातला दलित विद्यार्थी परियन आणि त्याची सवर्ण मैत्रीण ज्योती. मारीमुत्तू ज्योतीचे वडील आहेत. लग्नसमारंभात जातभाई परियनला मारतात, त्याच्या अंगावर मुततात. हा बाप त्या झुंडीतला वाटत नाही. तो हळू बोलतो, अजिजी करतो. मारीमुत्तूंनी त्याला खलनायकाचा एकही हावभाव दिलेला नाही. त्यांचे यश मला इथेच दिसते. ‘सैराट’ (२०१६) पाहून उठताना मारेकऱ्यांचा संताप तरी आपल्या हाती उरतो. इथे संताप कुणावर काढायचा?

मला हा बाप ओळखीचा आहे. एम.ए.ला असताना मी खोली शोधत होतो. एका घरमालकांनी बसवले, पाणी दिले, आडनाव विचारले आणि घरच्यांशी बोलून कळवतो म्हणाले. आवाज अतिशय गोड होता. माझ्या निरक्षर वडिलांनी विचारले, “माणूस कसा हाय?” मी म्हणालो, “चांगला हाय.” ते कळवणे अजून आलेले नाही.

चित्रपटाच्या शेवटी तो बाप परियनला म्हणतो, पुढे काय होते ते पाहू, कदाचित बदलेल. परियन सांगतो की तुम्ही तुम्हीच राहणार आणि मी कुत्रा बनूनच राहावे ही अपेक्षा राहणार, तोवर काही बदलणार नाही. शिव्या देणाऱ्या जातीशी आपण लढायला शिकलो. ‘पुढे पाहू’ म्हणणाऱ्या जातीला काय उत्तर द्यायचे, ते हा मुलगा शिकवतो.

मात्र परियनच्या बाजूने टाळ्या वाजवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. सभेत समतेवर बोलून आल्यावर घरी बायकोवर ओरडणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत, आणि त्यात कधी मीही होतो. गुणशेकरनला हसताना आपण कुणाला हसतो, हे तपासले पाहिजे. एकाच नटाने दोन्ही चेहरे दाखवून ठेवले: दरडावणारा आणि अजिजी करणारा. दोघांच्याही घरात सत्ता एकाच्याच हाती असते.

चित्रपट संपतो तेव्हा चहाचे दोन ग्लास शेजारी शेजारी उरतात. दोन्हींतल्या चहाचा रंग मात्र वेगळा आहे.