म्यानातले बांबूचे पाते

नाशकात गंगापूर रस्त्याने सायंकाळी पश्चिमेकडे निघाले, की नदीच्या बाजूस आनंदवल्ली लागते आणि पुढे गंगापूर. पहिले गाव पेशवे घराण्यातील राघोबादादांच्या मुक्कामाचे आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाईंच्या नावाचे. दुसऱ्यात राघोबादादांच्या भावजय गोपिकाबाई कारभारापासून दूर राहिल्या आणि विश्वासराव, माधवराव, नारायणराव या तिन्ही पुत्रांच्या मागे उरून 1788 साली नाशकातच निवर्तल्या. एका भाऊबंदकीची ही दोन घरे एकाच वाटेवर पाहताना मला जपानी दिग्दर्शक योजी यामादा यांचे समुराईपट आठवतात. कारण इतिहासाचा भार रणांगणाइतकाच उंबरठ्यालाही सोसावा लागतो, ही जाणीव इतक्या सबुरीने फार थोड्यांनी पडद्यावर आणली आहे.

शूहेइ फुजिसावा यांच्या कथांवर यामादांनी 2002, 2004 आणि 2006 साली तीन चित्रपट काढले. पहिल्याचा नायक सेइबेई हा संस्थानच्या कोठीवरचा कारकून, नेमणूक सालिना पन्नास कोकू तांदळाची. काम आटोपल्यावर सोबती मद्यपानास बोलावतात, तेव्हा हा तिन्हीसांजेलाच घरची वाट धरतो, म्हणून त्याचे नावच ‘तिन्हीसांज’ पडले आहे. घरी स्मृती हरपलेली आई आणि दोन लहान मुली; चाकरीवर भागत नाही, म्हणून रात्री काड्यांचे कीटकांचे पिंजरे विणायचे. पत्नीच्या अंत्यविधीपायी त्याने तलवार विकली असून म्यानात बांबूचे पाते आहे, हे उघड होते ते अखेरच्या द्वंद्वापूर्वी, एका अंधाऱ्या घरात. आणि तेथे प्रतिस्पर्ध्याची लांब तलवार ठेंगण्या तुळईत अडकते. झुंजीचा निकाल घराच्या बांधणीने लावावा, यात यामादांची सारी दृष्टी आली. मुलीच्या निवेदनातून जे सांगितले जाते, ते दृश्यांनी आधीच सांगितलेले असते, एवढेच न्यून.

ही परंपरा जुनी आहे. सादाओ यामानाका यांच्या 1937च्या चित्रपटात बेकार समुराईची पत्नी कागदी फुगे करून संसार रेटते; मासाकी कोबायाशी यांच्या 1962च्या ‘हाराकिरी’त तलवार विकलेल्या तरुणास बांबूच्या पात्यानेच पोट चिरावयास लावतात. कोबायाशी त्या पात्याच्या साक्षीने सरदारी व्यवस्थेवर खटला भरतात. यामादा त्याच पात्यात एका गृहस्थाची अब्रू पाहतात.

आपल्याकडे बाबूराव पेंटरांच्या 1923च्या ‘सिंहगड’पासून भालजींच्या ‘छत्रपती शिवाजी’पर्यंत आणि पुढे दिग्पाल लांजेकरांच्या ‘फर्जंद’, ‘पावनखिंड’, ‘सुभेदार’पर्यंत शौर्याची गाथा अखंड चालत आली, आणि तिचा अभिमान मलाही आहे. परंतु ज्या 1944 साली दादासाहेब फाळके नाशकात निवर्तले, त्याच साली ‘प्रभात’ने ‘रामशास्त्री’ आणला. त्यात गजानन जागीरदारांनी साकारलेला न्यायाधीश खुद्द राघोबादादांसमोर नि:शस्त्र उभा राहतो, आणि तेवढ्याने दरबार हादरतो. त्या वाटेवर आपली पावले पुढे फारशी वळली नाहीत, याची मला खंत वाटते.

साधनांची वाण म्हणावी, तर पेशवे दफ्तरात रोजकीर्दी आहेत, हिशेब आहेत, घरगुती पत्रे आहेत. गोपिकाबाईंनी नातू सवाई माधवरावांस दिनचर्येविषयी लिहिलेले उपदेशाचे पत्रही उपलब्ध आहे. तीन मुलगे गमावलेली एक स्त्री, उरलेल्या एकुलत्या नातवाने दिवसभर कसे वागावे हे दूर गोदाकाठी बसून सांगते, एवढा एक प्रसंग कॅमेऱ्याने निवांत न्याहाळला, तरी त्यात पानिपत येईल, शनिवारवाडा येईल, आणि तलवार म्यानातून काढावी लागणार नाही.