'स्मृतिचित्रां'तील प्रसन्न वार्धक्य

म्हातारपणाचे चित्र काढायला आपले लेखक बसले, की हटकून दोनच रंग त्यांच्या हाती लागतात : वैराग्याचा किंवा कुरकुरीचा. एक तर माळ ओढणारे आजोबा, नाही तर सुनेच्या नावाने बोटे मोडणाऱ्या सासूबाई! तिसरा रंग पाहायचा असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' उघडावीत.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४ साली निघाला, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या. म्हणजे मराठीतले हे टवटवीत आत्मचरित्र आयुष्याच्या संध्याकाळी लिहिलेले आहे. वाचताना मात्र याची आठवणही राहत नाही.

बाईंनी सोसले काय थोडे? १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि संसाराची दोन शकले झाली. पुढे १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. घरच्यासारखे वावरलेले बालकवी १९१८ मध्ये अपघातात गेले. १९१९ च्या मे महिन्यात टिळकही गेले. इतके झाल्यावरही लेखणी हसते, ती कशाच्या बळावर?

टीकाकार म्हणतात, ही बाईंची उपजत विनोदबुद्धी. धर्मोपदेशक म्हणतात, ही श्रद्धा. मला वाटते, ही वाटणीच चुकीची आहे. त्यांच्या वडिलांचे सोवळे मीठ धुऊन घेण्यापर्यंत गेलेले होते. त्या जाचाची हकीकत बाई सांगतात, तेव्हा आपल्याला हसू येते; पण वडिलांचा तिरस्कार येत नाही. टिळकांचा विक्षिप्तपणा सांगतानाही तेच. हिशेब चुकता करण्याचे काम ज्याने देवावर सोपवले, त्याचेच हसणे इतके निर्विष असू शकते. ख्रिस्ती क्षमा ती हीच; बाईंनी तिला प्रवचनाचे कपडे घातले नाहीत, एवढेच.

हा आनंद दुःख झाकणारा मात्र नव्हे. पंढरपूरच्या दिवसांतले अश्रू त्यांनी लपवले नाहीत. म्हणूनच पुढचे हसू खरे वाटते. आणि तो परकाही वाटत नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक सांगत. बाईंची भाषा तर माजघरातलीच राहिली.

आशेचे म्हणाल, तर बाईंची आशा हात जोडून बसणारी नाही. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने ते ओवी ओवी जोडून उतारवयात पूर्ण केले. काव्य म्हणून त्याला 'स्मृतिचित्रां'च्या गद्याची सर नाही, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. ओवीच्या चालीत बाईंचा खट्याळ सूर पुष्कळदा दबतो. तरी पतीने अर्धवट टाकलेले काम हाती घेणे, हेही आशेचेच एक रूप. १९३८ साली ग्रंथ छापून निघाला, तेव्हा तो पाहायला त्या नव्हत्या.

दिवाळीला घरोघरी म्हातारी माणसे कोपऱ्यात बसून पणत्या पाहत असतात. त्यांना पोथी जरूर द्यावी. पण त्यांच्या शेजारी बसून 'स्मृतिचित्रां'तले एखादे प्रकरण मोठ्याने वाचावे. आयुष्य संपत आले म्हणजे सांगण्यासारखे काही उरत नाही, हा समज ती आणि आपण, दोघेही विसरू.