औषधनिर्माणशास्त्राची पदवी आणि सार्वजनिक आरोग्य : एका अभ्यासपत्रिकेची चिकित्सा

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही सार्वजनिक क्षेत्रातील पहिली औषधनिर्मिती कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य तिला लाभले होते. या कारखान्याकडे आज आपण औद्योगिक वसाहतीचा प्रारंभबिंदू म्हणून पाहतो. तथापि त्याच्या स्थापनेमागील हेतू सार्वजनिक आरोग्याचा होता, हे विसरता कामा नये. पेनिसिलीन देशात, पुरेशा प्रमाणात आणि सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत तयार व्हावे, यासाठी तो उभा राहिला. ‘हमायसिन’ हे बुरशीनाशक प्रतिजैविक याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत शोधले गेले. औषध आणि सार्वजनिक आरोग्य ही दोन वेगळी क्षेत्रे आहेत असे त्या काळच्या पिंपरीत कोणी म्हटले असते, तर ते विचित्र वाटले असते.

आज याच परिसरात, पिंपरी, आकुर्डी, निगडी येथे, औषधनिर्माणशास्त्राची अनेक महाविद्यालये आहेत. त्यांतून बाहेर पडणारा पदवीधर उत्पादन, गुणवत्ता नियंत्रण, विपणन किंवा नियामक व्यवहार या वाटांनी जातो. अलीकडे काही विद्यार्थी सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवीची चौकशी करू लागले आहेत. या दोन पदव्यांचा मेळ कसा बसतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याचा विचार करताना बी. फार्म. अभ्यासक्रमातील ज्या एकमेव पत्रिकेवर हा मेळ घालण्याची जबाबदारी टाकण्यात आली आहे, ती पत्रिका एक संहिता म्हणून वाचावी, असे मी ठरविले.

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१४ च्या नियमांनुसार आखलेल्या अभ्यासक्रमात आठव्या सत्रात ‘सोशल अँड प्रिव्हेंटिव्ह फार्मसी’ ही पत्रिका आहे. पाच घटक आणि पंचेचाळीस तासिका असा तिचा विस्तार. पहिल्या घटकात आरोग्याची संकल्पना, आहार, दारिद्र्य, नागरीकरण, स्वच्छता. दुसऱ्यात रोगांची यादी : पटकी, सार्स, इबोला, इन्फ्लुएंझा, हिवताप, डेंग्यू, हत्तीरोग, उच्च रक्तदाब, मधुमेह, कर्करोग. (या यादीत चिकुनगुनियाचे नाव ‘चिकन गिनी’ असे छापले गेले आहे. एका राष्ट्रीय परिषदेच्या अभ्यासक्रमात ही चूक राहून जाते, यावरून या पत्रिकेकडे किती बारकाईने पाहिले गेले असेल याची कल्पना यावी.) तिसऱ्या आणि चौथ्या घटकांत राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमांची नामावली, आणि पाचव्यात प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण स्वच्छता, नागरी आरोग्य अभियान, शालेय आरोग्य.

ही संहिता वाचताना जाणवणारी गोष्ट अशी की, तिच्यात औषध नाही. पाचही घटकांत औषध ठळकपणे अवतरते ते केवळ व्यसनाच्या संदर्भात. लसीकरणाचा कार्यक्रम आहे, परंतु लस कारखान्यापासून उपकेंद्रापर्यंत कोणत्या तापमानात, कोणाच्या ताब्यात जाते, हा प्रश्न नाही. क्षयरोगाचा कार्यक्रम आहे, परंतु रिफाम्पिसिन खाजगी दुकानातून विकले जाते तेव्हा त्या रुग्णाची नोंद कोठे होते, हा प्रश्न नाही. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंचा विषय, जो औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधराचा हक्काचा विषय ठरावा, त्याला स्वतंत्र स्थानच नाही. वैद्यकीय महाविद्यालयातील ‘सामाजिक व प्रतिबंधात्मक वैद्यक’ या विषयाची ही एक आक्रसलेली प्रत आहे. नावात वैद्यकाऐवजी फार्मसी आली, आशय तसाच राहिला. परिणामी विद्यार्थी डॉक्टर होऊ न शकलेल्या माणसासारखा सार्वजनिक आरोग्य शिकतो, आणि जे त्याला डॉक्टरपेक्षा अधिक येते त्याचा येथे काही उपयोग होत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. औषधविषयक कायद्यासाठी स्वतंत्र पत्रिका आहे, औषधभांडाराची व्यवस्था, खरेदी आणि साठानियंत्रण ‘फार्मसी प्रॅक्टिस’ या विषयात येते, आणि जैवसांख्यिकी तर त्याच आठव्या सत्रात शेजारीच बसलेली आहे. आक्षेप खरा आहे. परंतु या खोल्यांना एकमेकींत उघडणारी दारे नाहीत. साठानियंत्रणाची गणिते रुग्णालयाचा खर्च वाचविण्यासाठी शिकविली जातात, एखाद्या तालुक्यात पावसाळ्यापूर्वी कोणते औषध किती लागेल हे काढण्यासाठी नव्हे. शिवाय सामाजिक व प्रतिबंधात्मक फार्मसीला प्रात्यक्षिक नाही. ज्या अभ्यासक्रमात गोळीचा कठीणपणाही यंत्रावर मोजून दाखवावा लागतो, तेथे समाज मात्र केवळ टिपणांतून शिकावयाचा आहे.

तोंडी परीक्षेनंतरच्या गप्पांत मी एकदा आठव्या सत्रातील एका हुशार विद्यार्थिनीला विचारले, की भोसरीतील औषध दुकानात एका महिन्यात सेफिक्झिमची विक्री दुप्पट झाली, तर तू काय समजशील? तिने क्षणभर विचार करून उत्तर दिले, ‘सर, कंपनीने स्कीम दिली असेल.’ उत्तर चुकीचे नव्हते. बहुधा तेच खरे असते. परंतु त्या परिसरात विषमज्वर पसरत असेल, ही शक्यता तिला सुचली नाही, आणि या दोन शक्यतांत फरक कसा करावा हे आम्ही तिला शिकविलेले नव्हते.

या उदाहरणात एक प्रत्यक्ष दस्तऐवज दडलेला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील ‘एच-१’ ही अनुसूची १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तिच्यात काही महत्त्वाची प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे आणि सवय लावणारी काही औषधे समाविष्ट आहेत. ही औषधे देताना डॉक्टरचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेले प्रमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहावे लागते आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. मार्च २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने याच्या पुढे पाऊल टाकले : क्षयरोगाची औषधे देणाऱ्या औषध विक्रेत्यानेही रुग्णाची माहिती सार्वजनिक आरोग्य यंत्रणेला कळविणे बंधनकारक झाले. क्षयरोग २०१२ सालीच अधिसूचित रोग झाला होता, परंतु तेव्हा ही जबाबदारी डॉक्टर, रुग्णालये आणि प्रयोगशाळा यांच्यापुरती होती. आता दुकानाच्या काउंटरवर उभा असलेला फार्मासिस्ट कायद्याने सार्वजनिक आरोग्याचा कर्मचारी ठरला, आणि अभ्यासक्रमाने या घटनेची दखल घेतलेली दिसत नाही.

एच-१ ची नोंदवही आज दोन प्रकारे वाचली जाते. दुकानदार ती भरावयाची एक कटकट म्हणून पाहतो, आणि औषध निरीक्षक तिच्यात नियमभंग शोधतो. तिचा तिसरा वाचक असावयास हवा. कोणत्या प्रभागात कोणते प्रतिजैविक कोणाच्या चिठ्ठीवर किती दिवसांसाठी दिले जाते, हे या वह्यांत लिहिलेले आहे. औद्योगिक पट्ट्यात या माहितीचे मोल अधिक आहे. चाकण, भोसरी, तळवडे येथील कंत्राटी कामगार आजारपणाची रजा घेऊ शकत नाही. चिंचवडच्या मोहननगरात कामगार विमा रुग्णालय आहे, संत तुकारामनगरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. परंतु तेथे जावयाचे तर एक दिवसाचा रोज बुडतो. म्हणून तो पाळी सुटल्यावर मेडिकलमध्ये जातो, दोन दिवसांच्या गोळ्या घेतो आणि ताप उतरला की उरलेले विसरतो. पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या आपल्या नोबेल व्याख्यानात नेमका हाच धोका सांगितला होता : औषध दुकानात सहज मिळू लागेल, अजाण माणूस ते अपुऱ्या मात्रेत घेईल आणि जंतूंना प्रतिकार शिकवील. जेथे पेनिसिलीनचा पहिला भारतीय कारखाना उभा राहिला, तेथील महाविद्यालयांतून तरी हा विषय केंद्रस्थानी यावयास हवा होता.

दोन ज्ञानशाखांच्या फारकतीची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने सादर केलेल्या अहवालात रुग्णालयाची खरेदी, औषध प्रशासन आणि पुरवठादार या सर्वांवर कठोर ताशेरे ओढले. भ्रष्टाचाराचे प्रकरण म्हणून हा अहवाल स्मरणात राहिला, आणि ते योग्यच आहे. परंतु अध्यापकाने त्याकडे आणखी एका दृष्टीने पाहावे. ग्लिसरॉलची शुद्धता तपासण्याची परीक्षा औषधसंहितेत होती, ती करू शकणारी माणसे शासनाच्या नोकरीत होती. दुसरीकडे वॉर्डांत मूत्रपिंडे निकामी होऊन रुग्ण मरत होते, हे मोजू शकणारी माणसेही त्याच रुग्णालयात होती. मृत्यूंचा पुंजका दिसताच बाटलीपर्यंत मागे जाणारी, आणि बाटली दिसताच ती आणखी कोणकोणत्या वॉर्डांत गेली असेल असे पुढे विचारणारी दृष्टी, ही या दोन शास्त्रांच्या सांध्यावर निर्माण होते. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातील त्याच रसायनाने बालके दगावली. त्यांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. एकूणचाळीस वर्षांनंतरही रसायन तेच होते.

या सांध्यावर मराठी मुलखात काम झालेच नाही, असे नाही. डॉ. अनंत फडके यांनी सातारा जिल्ह्यातील औषधांचा पुरवठा आणि वापर यांचा अभ्यास केला आणि त्यावर आधारलेला त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला. एका जिल्ह्याला लागणारी औषधे, प्रत्यक्षात पोहोचणारी औषधे आणि अनावश्यक वापर यांचा हिशेब मांडण्याची ही पद्धत औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज आत्मसात करता येण्याजोगी आहे. लक्षणीय गोष्ट अशी की, हे काम वैद्यकाची पार्श्वभूमी असलेल्या कार्यकर्त्या-अभ्यासकाने केले. त्यापूर्वी १९७५ च्या हाथी समितीने ११७ अत्यावश्यक औषधांची यादी दिली होती. आमच्या वर्गांत हाथी समिती एका गुणाच्या प्रश्नापुरती उरते.

आता पदव्यांच्या प्रश्नाकडे वळू. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत फार्म. डी. आणि सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी एकत्रितपणे घेता येते, काही श्रेयांक दोन्हीकडे धरले जातात. आपल्याकडे वाट आहे ती एकामागून एक : चार वर्षे बी. फार्म., त्यानंतर दोन वर्षे टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी सार्वजनिक आरोग्य. म्हणजे सहा वर्षे. २००८ साली आलेला फार्म. डी. अभ्यासक्रमही सहा वर्षांचाच आहे. तो विद्यार्थ्याला रुग्णाच्या खाटेपाशी नेतो, आणि दुसरी वाट त्याला वस्तीत नेते. वेळेचा हिशेब सारखाच असताना पालक पहिलीला पसंती देतात, कारण तिच्या शेवटी नावामागे ‘डॉक्टर’ लावता येते. यात पालकांना दोष देण्यात अर्थ नाही.

मात्र जोडपदवीचे जे समर्थक केवळ आणखी एक पदवी जोडण्यातच मेळ पाहतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गात वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या, समाजकार्य अशा सर्व शाखांचे विद्यार्थी एकत्र बसतात आणि अभ्यासक्रम स्वाभाविकच सर्वांना समान असतो. तेथे औषधपुरवठा हा एखाद्या घटकाचा उपघटक. बी. फार्म. च्या विद्यार्थ्याला पदवीत सार्वजनिक आरोग्याचा औषधविरहित सारांश मिळाला, आणि पदव्युत्तर वर्गात त्याचाच विस्तार मिळाला, तर दोन्हींचा सांधा जुळविण्याचे काम त्याच्या एकट्याच्या डोक्यावर येते. काहीजण ते करतात. पुष्कळजण आपली पहिली पदवी मागे टाकून देतात आणि आरोग्यप्रकल्पांचे व्यवस्थापक होतात.

नोकरीची बाजू याहून अवघड आहे. औषध निरीक्षकाच्या पदासाठी औषधनिर्माणशास्त्राची पदवी चालते, सार्वजनिक आरोग्याच्या पदवीची अट नाही. शासकीय व महापालिका रुग्णालयांत औषध निर्माण अधिकाऱ्याच्या पदाला पदविका पुरते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने प्रत्येक राज्यात सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र संवर्ग असावा असे सुचविले. त्या संवर्गात औषधाचा जाणकार कोठे बसेल, यावर औषधनिर्माणशास्त्राच्या अध्यापकांनी आग्रहाने बोलल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तामिळनाडूने १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापून औषधांची केंद्रीय खरेदी, जिल्हावार गोदामे, प्रत्येक संस्थेचे पासबुक आणि पुरवठ्याची प्रयोगशाळेत तपासणी अशी व्यवस्था उभी केली. महाराष्ट्राने ही खरेदी २०१७ मध्ये हाफकिनकडे सोपविली आणि २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण निर्माण केले. अशा यंत्रणांना ज्या माणसांची गरज असते, ती माणसे या दोन पदव्यांच्या मेळातूनच तयार होतील. पण पदांच्या पात्रतेत तसे लिहिल्याशिवाय विद्यार्थी सहा वर्षे कशाच्या भरवशावर घालवील?

परिषद अभ्यासक्रम बदलेपर्यंत महाविद्यालयांचे हात बांधलेले आहेत, असे मात्र नाही. आठव्या सत्रातच प्रकल्पकार्य आहे. आज त्यातील बहुतेक प्रकल्प एखाद्या गोळीचे नवे सूत्रीकरण किंवा एखाद्या वनस्पतीचा अर्क यांवर होतात, आणि ग्रंथालयाच्या कपाटात एकसारखे दिसतात. त्यांतील दोन-तीन गटांना दुकानदारांच्या संमतीने, रुग्णांची नावे वगळून, एका प्रभागातील एच-१ च्या नोंदी उतरवून घ्यावयास लावता येतील. जैवसांख्यिकीचे अध्यापक त्याच सत्रात उपलब्ध असतात. महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे साप्ताहिक रोगनोंदी असतात, त्या शेजारी ठेवून पाहता येतील. आमच्या विभागात या प्रस्तावावर चर्चा झाली तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा की, बाह्य परीक्षक हा प्रकल्प औषधनिर्माणशास्त्राचा मानतील काय. त्याचे उत्तर अद्याप आमच्यापाशी नाही. येत्या सत्रात एका गटाला तो विषय देऊन पाहावयाचे, एवढे ठरले आहे.